पंचांचं जेवण

खटला मोडून तीन दिवस झाले होते, आणि या तीन दिवसांत लिओटाने ग्लेंडा पेल्टनचा उद्धार केला नाही असा एक तास गेला नव्हता. मासे चिरताना केला, लाकडं फोडताना केला, रविवारी लांबघरात, जमातीच्या प्रार्थनेच्या जागी, दोन गाण्यांच्या मधे सगळे पाणी प्यायला थांबले तेव्हाही हळू आवाजात केला. ग्लेंडा नदीच्या वळणावर गळ आणि आमिष विकायची. गोरी, साठीची, गुडघे दुखणारी. सहा पंचांतली ती एक होती.

"दोन वाट्या सूप ओरपलं, तिसऱ्यांदा भांडं खरवडलं, आणि हात पुसून न्यायाधीशबाईंना चिठ्ठी पाठवली," लिओटा म्हणाली. "खाल्ल्या मिठाला जागणं राहिलं बाजूला. हिने मिठाचीच तक्रार केली."

"वन्सं, सुरी जरा बेताने," मार्व्हिना म्हणाली. "मासा मेलेलाच आहे."

नदीकाठच्या वाळवणाच्या शेडमध्ये दोघी समोरासमोर उभ्या होत्या. शरदातले सॅमन वर चढत होते, पश्चिमेचा वारा चांगला कोरडा लागला होता, आणि अशा दिवसांत घरात कोण कोणाशी बोलत नाही याची मासे वाट बघत नाहीत. मार्व्हिना ही लिओटाच्या धाकट्या भावाची, डेल्विनची बायको. त्यांच्या आदिवासी जमातीचं स्वतःचं कोर्ट होतं, तिथे ती कारकून होती. पंधरा वर्षं भावजय आणि तेवढीच वर्षं डोळ्यांत कुसळ. तिसऱ्या बाजूला रोवेना फळीवर बसून चिरलेल्या मांसात देवदाराच्या काड्या खोचत होती. लिओटाच्या थोरल्या भावाची ही मुलगी. तिचा बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची होती, आज सत्तावीसची. जबडा आता जुळला होता, पण डाव्या बाजूने चावताना ती अजून थांबायची.

तो जबडा डॅरिन होल्कने मोडला होता, तिच्याच घरात, जमातीच्याच हद्दीत. होल्क पुलापलीकडचा. गव्हाच्या कोठारावर कामाला. दीड वर्ष रोवेनाच्या घरी राहिला, लिओटाच्या हातचं जेवला, आणि मार्चमध्ये एका बुधवारी त्याने तिला स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटलं. परगण्याचा पोलीस म्हणाला, हे आमच्याकडे येत नाही. सरकारी वकिलाकडून एका ओळीचं पत्र आलं, की प्रकरण घेता येत नाही. ओळीखाली सही मात्र चांगली लांबलचक होती.

मग राहिलं जमातीचं कोर्ट. जमातीबाहेरच्या माणसावर खटला भरायचा हक्क वॉशिंग्टनच्या सरकारने एके काळी जमातींकडून काढून घेतला होता. पुढे परत दिला, पण तो चमच्याने, आणि प्रत्येक चमच्याबरोबर एक अट. न्यायाधीश कायदा शिकलेली हवी. आरोपीला वकील फुकट हवा. पंचांत बाहेरचेही हवेत. या सगळ्याला निधीही दिला, आणि निधीचा हिशेब मागणारे कागद निधीपेक्षा जाड निघाले. होल्कच्या वकिलाचा चकचकीत बूटसुद्धा त्याच पैशातला, असं लिओटा म्हणायची. मारायचं त्याने, आणि वकील द्यायचा आपण.

तरी खटला उभा राहिला होता. या कोर्टात उभा राहिलेला पहिला बाहेरचा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी लिओटाने पंचांना मागच्या खोलीत जेवू घातलं, तासाभराने चिठ्ठी गेली, न्यायाधीशबाईंनी एकेका पंचाला विचारलं, कोणी रांधलं, ती मुलीची कोण, वाढताना काय बोलली. मग पंच घरी पाठवले आणि खटला तिथेच मोडला. होल्क टोपी घालून बाहेर पडला तेव्हा त्याने लिओटासाठी दार धरून ठेवलं. तेवढं एक तिला अजून गिळता आलं नव्हतं.

"काका आला," रोवेना म्हणाली.

डेल्विनची गाडी उतारावरून खाली येत होती. तो जमातीच्या मंडळावर निवडून आल्यापासून चिखलात बूट घालून उतरायचा बंद झाला होता. आज उतरला, म्हणजे काहीतरी मागायचं होतं. त्याच्या काखेत फाईल होती. लिओटाने भावाकडे पाहून एक सुरी उलटी धरून पुढे केली.

"घे. का मंडळावरच्या माणसाला माशाचा वास चालत नाही?"

"ताई, मी बोलायला आलोय."

"बोलण्याने मासे वाळत असते तर तुझी शेड पहिली भरली असती."

मार्व्हिना हसू दाबत खाली बघत राहिली. डेल्विनने फाईल एका कोरड्या खांबाला टेकवून ठेवली आणि उभ्या उभ्याच सुरू केलं. उद्या सकाळी मंडळाची बैठक. निधीचं वर्ष या महिनाअखेर संपतं. उरलेल्या पैशात एकच गोष्ट होईल. होल्कवर पुन्हा खटला, किंवा पुढच्या वर्षाचा अर्ज लिहून देणारा माणूस.

"अर्ज लिहून देणारा," लिओटा म्हणाली.

"तो तज्ज्ञ आहे. त्याच्या हाताने गेलेला अर्ज परत येत नाही."

"म्हणजे पैसे मिळवायला अर्ज, आणि अर्ज लिहायला पैसे," मार्व्हिना म्हणाली. "आणि मधे कोर्ट चालवायचं ते कशाने, तुमच्या भाषणांनी?"

"तू मधे पडू नकोस, तू कोर्टाची नोकर आहेस."

"म्हणूनच विचारतेय. मी नोकर ज्याची, ते राहणार की नाही?"

डेल्विनने बायकोकडे बघण्याचं टाळलं. तो सांगत होता तेवढं सगळं त्याला वाटेत पाठ झालेलं होतं, हे लिओटाला त्याच्या आवाजावरून कळत होतं. लहानपणीही तो खोटं बोलायचा नाही, पाठ केलेलं बोलायचा. होल्कचा वकील आपसात मिटवायला तयार होता. होल्क लिहून देईल की हद्दीत परत पाय ठेवणार नाही. अहवालात 'प्रकरण निकाली' असं जाईल. नाही तर 'पहिलाच खटला मोडला' असं जाईल, आणि मग पुढच्या वर्षी कोण पैसे देतंय.

"हद्द कुठे संपते, डेल्विन?"

"पुलावर."

"आणि ही कामाला कुठे जाते?"

डेल्विनने खांबाला टेकवलेली फाईल सरळ केली. रोवेना पुलापलीकडच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती.

"भलं झालं," लिओटा म्हणाली. "त्याला आपण आपल्या घरातून हाकलायचं, म्हणजे तो तिच्या कामावर मोकळा. असली अक्कल मंडळावर गेल्यावर येते का? निवडून येण्याआधी तर नव्हती."

"मंडळ तीन विरुद्ध तीन आहे, ताई. सातवं मत माझं. मला काय मजा वाटतेय?" आता मात्र तो पाठ केलेलं बोलत नव्हता. "तिघं म्हणतात, आपल्या कोर्टाला काही जमत नाही, पैसे पाण्यात. मी खटल्याच्या बाजूने हात वर केला तर म्हणतील, पुतणी आहे म्हणून. मला त्यांच्या तोंडावर मारायला काहीतरी द्या. चूक कोर्टाची नव्हती, एवढं उद्या कोणीतरी उभं राहून सांगायला हवं."

"मग बोलाव ग्लेंडाला."

"ग्लेंडाने स्वयंपाक केला नव्हता."

वाऱ्याने टांगलेल्या माशांच्या रांगा हलल्या. लिओटाने सुरी पाण्यात बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली. लांबघराच्या चुलीवरची ती मुख्य होती, बावीस वर्षं. तिच्या आधी तिची आई. जन्म, नाव ठेवणं, मरण, पहिल्या सॅमनची मेजवानी, काहीही असो, पहिलं पाणी तिच्या हाताने वाढलं जायचं आणि मग लोक घास उचलायचे. मंडळावरचे सातही जण तिच्या डावाखाली मोठे झाले होते, आणि निवडणुकीच्या आधी तिच्या चुलीशी येऊन बसायची सवय कुणाची सुटली नव्हती.

"मी उभी राहू," ती म्हणाली. "त्या खुर्च्यांपुढे. आणि काय सांगू? की लोकांना जेवू घातलं, माफ करा? निवाड्याला बसणाऱ्याला आधी पाणी, मग अन्न. उपाशी पोटी दिलेला निवाडा टिकत नाही. हे आपलं आहे, वॉशिंग्टनने नाही पाठवलेलं. त्या बाईला काय कळणार, किडे विकणारी. न्यायाधीशबाईंना काय कळणार, त्या शहरात शिकून आल्या. पण तुला तरी, डेल्विन?"

उत्तर दुसरीकडून आलं.

"वन्सं, ते अर्धंच सांगताय," मार्व्हिना म्हणाली.

"काय अर्धं?"

"माझे आजोबा निवाड्याला बसायचे. तुम्हाला माहीत आहे. ते जेवायचे, पण दोन्ही घरच्या बाया एका चुलीवर रांधायच्या. मार खाल्लेल्याचं घर आणि मारणाऱ्याचं घर. एक मासा आणायची, दुसरी कंद. एकाच भांड्यातून वाढायचं, म्हणजे कुणाचं खाल्लं ते पंचाला सांगता येऊ नये. एकीने एकटीने आणलं तर आजोबा पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. उठून जायचे."

लिओटाला हे माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तिनेच ते मुलींना शिकवलं होतं, चुलीशी बसवून. तिला राग आला तो मार्व्हिनाने खोटं सांगितलं म्हणून नव्हे.

"होल्कच्या घरचं कोण रांधणार होतं?" ती म्हणाली. "त्याची आई? ती दुकानातला बंद डबा उघडून खाते."

"तर मग कुणीच रांधायचं नव्हतं."

"मला शिकवू नकोस. तुमच्या घराण्याला निवाडे करायचाच सोस. करायला माणसं उरली नाहीत, म्हणून आता कागद पुसत बसता." आणि मग, कारण मार्व्हिना डोळे खाली करत नव्हती, "आज संध्याकाळी मी जाणार आहे त्या ग्लेंडाच्या दुकानात. गिऱ्हाइकांसमोर विचारणार आहे, माझ्या सुपात काय कमी होतं ते."

"जाऊ नकोस, आत्या," रोवेना म्हणाली.

"का? तुला तिची दया येतेय?"

"चिठ्ठी मी दिली."

रोवेनाने हातातली काडी नीट खोचली आणि तो मासा बाजूला ठेवला. तिच्या आवाजात माफी नव्हती, धाकही नव्हता.

"मी लिहिली. काकूच्या हातात दिली. काकूने आत नेली."

लिओटाने मार्व्हिनाकडे पाहिलं. म्हणजे ही तीन दिवस समोर उभी राहून ग्लेंडाच्या नावाने चाललेला शिमगा ऐकत होती, आणि सुरी बेताने चालवा म्हणत होती.

"कोर्टातलं बाहेर बोलता येत नाही मला," मार्व्हिना म्हणाली. "तिने स्वतः सांगायचं होतं."

"तू," लिओटा रोवेनाला म्हणाली. हिचा जबडा तारांनी शिवला होता तेव्हा सहा आठवडे तिने तिला नळीने सूप पाजलं होतं, दिवसातून पाच वेळा, गाळून, कोमट करून. ते सगळं तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं, कारण बोलून दाखवलं तर त्याची किंमत मागितल्यासारखं झालं असतं, आणि तिला किंमतच मागायची होती. "ते सहाही जण तुझ्या बाजूने होते. मी त्यांचे चेहरे पाहिले. वाढताना पाहिले."

"हो. मीही पाहिले."

"मग?"

"त्याचा वकील पण जेवला, आत्या. दाराशी उभा राहून. मला म्हणाला, छान आहे, कोणी केलं? मी म्हटलं, माझ्या आत्याने. तो हसला आणि अजून थोडं मागितलं." रोवेनाने गुडघ्यांवर हात पुसले. "बोलला काहीच नाही. बोलायला हवं होतं त्याने, नाही का? त्याच्याच फायद्याचं होतं. मग मला कळलं. तो ते राखून ठेवत होता. होल्कला शिक्षा झाली असती, आपण लांबघरात गाणी म्हटली असती, आणि महिन्याभराने तो वर गेला असता, मोठ्या कोर्टात. बघा म्हणाला असता, यांची कोर्टं ही अशी. मुलीची आत्या वाढते आणि पंच ढेकर देऊन निकाल देतात. मग सुटला असता तो नुसता होल्क नव्हे. पुढे इथे जो कोणी हात उगारेल, तो सुटला असता."

"मला सांगायचंस. मी भांडी उचलली असती."

"तोपर्यंत सगळे जेवले होते. आणि आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस?"

लिओटाने ऐकलं नसतं. हे शेडमधल्या चौघांनाही माहीत होतं. डेल्विनने बूट काढले, पँट वर दुमडली आणि सुरी उचलली. चार मासे त्याच्या हातून चिरून झाले.

"मी पुन्हा साक्ष देईन," रोवेना शेवटी म्हणाली. "सगळं, पहिल्यापासून. पण ते दुसऱ्यांदा सांगायची संधीच मिळणार नसेल तर मला आज सांग, काका. उद्या बैठकीत नको."

डेल्विनने बहिणीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

सकाळी मंडळाचं सभागृह भरलं होतं. गावात फुकट बघायला मिळतं ते कोण सोडतो. मागच्या बाकावर लांबघराच्या स्वयंपाकघरातल्या बाया ओळीने बसल्या होत्या आणि टोकाला अर्लीन होती, जिला लिओटाचा डाव आपल्या हातात यायची बारा वर्षं घाई झाली होती. लिओटा तिला ओलांडून पुढे गेली. मंडळाचे सात जण आपापल्या नावाच्या पाट्यांमागे बसले होते. ज्यांना गावातलं शेंबडं पोर ओळखतं, त्यांनाही पाटी लागते.

तिने घरून एक वाक्य आणलं होतं. आपली रीत आणि त्यांचा कायदा जुळला नाही, एवढंच. ते खरंही होतं, आणि त्यात कुणाचंच नाक कापलं जात नव्हतं. डेल्विनला तेवढं पुरलं असतं. तिने तोंड उघडलं, आणि बाजूच्या टेबलाशी मार्व्हिना लेखणी घेऊन बसलेली दिसली, आणि तिच्यामागे भिंतीला टेकून रोवेना.

"मी लिओटा," ती म्हणाली. "मला सगळे ओळखता. पंचांना मी जेवू घातलं. कोर्टाने सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. ही आपली रीत आहे असं मी तीन दिवस सगळ्यांना सांगत फिरले. ती आपली रीत नाही. आपली रीत दोन्ही घरांची एक चूल अशी आहे, आणि मी एका घरचं वाढलं."

मागच्या बाकावर कोणीतरी श्वास घेतला. लिओटाने मान वळवली नाही.

"आणि वाढताना मी गप्पही नव्हते. ग्लेंडा पेल्टनला मी म्हटलं, पोर हेच सूप सहा आठवडे नळीने प्यायली. मला तिला विकत घ्यायचं होतं. ती न्यायाधीशबाईंना खरं बोलली असेल, तर ती माझ्यापेक्षा बरी पंच आहे." तिने सातही पाट्यांवरून नजर फिरवली. "कोर्ट चुकलं नाही. कोर्टाने माझी चूक पकडली. त्याला कोर्ट म्हणतात. आता अशा कोर्टाचे पैसे अर्ज लिहिणाऱ्या बाबाला द्यायचे असतील तर द्या, पण मग अर्जात काय लिहायचं तेही त्यालाच विचारा."

दोघेचौघे हसले. लिओटा हसली नाही, कारण अजून एक गोष्ट राहिली होती, आणि ती कोणी मागितली नसली तरी सभागृहातल्या प्रत्येक बाईला माहीत होती.

"जिने एका बाजूचं वाढलं, तिने लांबघरात पाणी वाढायचं नसतं. मी इतरांना या कारणासाठी उठवलंय. आजपासून चूल माझी नाही."

चार विरुद्ध तीन झालं. डेल्विनचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला आणि सगळ्यांत शेवटी खाली आला. मार्व्हिनाने नव्या खटल्याची तारीख वाचून दाखवली, चोवीस सप्टेंबर, आणि पंचांच्या जेवणाबद्दलही एक ओळ वाचली: ज्याने त्याने घरून डबा आणावा.

बाहेर पायऱ्यांवर अर्लीनने लिओटाचा दंड धरून खूप वाईट वाटल्याचं सांगितलं. तिचे डोळे आधीच स्वयंपाकघराच्या दिशेला होते. "मोठं भांडं डावीकडून गळतं," लिओटा तिला म्हणाली, आणि तिला तिच्या आनंदात सोडून गाडीकडे निघाली. तिचे हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं.

रोवेना मागून आली. दोघी गाडीला टेकून उभ्या राहिल्या. नदीवर वारा तसाच होता.

"मी तुझ्यावर रागावले नव्हते, आत्या. सुपाबद्दल."

"रागवायला हवं होतंस."

"रागावले होते, पण दुसऱ्या गोष्टीसाठी." रोवेना पुलाकडे बघत होती. "दोन दिवस मी त्या खुर्चीत बसून सांगत होते. त्याने केस कसे धरले, ओटा कसा लागला. होल्क समोर, त्याचा वकील समोर, पंच परके. मी दर थोड्या वेळाने बाकांकडे बघायचे. तू कुठे होतीस?"

ती कुठे होती हे दोघींनाही माहीत होतं. कांदा चिरत होती, मासे उकडत होती, भिंतीच्या पलीकडे, सहा परक्या माणसांसाठी.

"चोवीस तारखेला पहिल्या बाकावर बस," रोवेना म्हणाली. "मला दिसशील अशी."

"बसेन," लिओटा म्हणाली.